डासांची बॅट, मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणि उभं राहणारं गवत

हे प्रकरण एका मित्राचं आहे. त्याला छोट्या स्केलची मॉडेल्स करायचा नाद आहे, म्हणजे रेल्वेची लाइन, बोगदा, टेकडी, टेकडीवर दोन-चार घरं असं सगळं एका फळीवर मांडत बसायचं. बाकी सगळं त्याला झकास जमतं, फक्त गवत जमत नव्हतं. गवतासाठी नायलॉनचे बारीक तंतू मिळतात, २ मिलीमीटरपासून ६-७ मिलीमीटरपर्यंत लांबीचे. ते गोंदावर नुसते भुरभुरवले की सगळे आडवे पडतात आणि टेकडी गवताळ दिसायच्या ऐवजी तिच्यावर कुणी जुनं ब्लँकेट टाकल्यासारखी दिसते. ते उभे करायचे तर त्यांना चार्ज द्यावा लागतो.

यंत्र तसं सोपं असतं. धातूच्या गाळणीत तंतू भरायचे, हाय व्होल्टेजचं एक टोक गाळणीला, दुसरं टोक ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला. दोघांच्या मधे विद्युत क्षेत्र तयार होतं, गाळणीला टेकलेला तंतू तिच्याकडून चार्ज घेतो, क्षेत्राच्या दिशेत सरळ होतो आणि तसाच खाली जाऊन गोंदात टोकावर रुततो. कारखान्यात याला फ्लॉकिंग म्हणतात, दागिन्यांच्या डबीतलं मखमली अस्तर किंवा गाडीच्या काचेच्या खाचेतली ती मऊ पट्टी याच पद्धतीने होते. म्हणजे मित्राला हवं होतं ते काही जगावेगळं नव्हतं, काही हजार व्होल्ट डीसी आणि जवळजवळ शून्य करंट, बस.

आता त्याच्याकडे भंगार सामान भरपूर होतं. बंद पडलेला मायक्रोवेव्ह, जाळी फाटलेली डास मारायची बॅट, पिक्चर ट्यूबवाला जुना टीव्ही, फिल्मचा फ्लॅशवाला कॅमेरा आणि एलसीडी मॉनिटरमधून काढलेलं बॅकलाइटचं इन्व्हर्टर. आणि त्याचा प्रश्न असा होता की, "अरे, बॅटमधून दोन हजार व्होल्ट येतात आणि मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमधूनही दोन हजारच येतात, मग तो दणकट ट्रान्सफॉर्मरच वापरतो ना, पुढे एक डायोड लावून डीसी करीन, बॅटचं ते चिल्लर सर्किट कशाला?"

या एका प्रश्नामुळेच हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण प्रश्न मूर्खपणाचा अजिबात नाही. आकडा खरंच सारखा आहे. दोन्हीकडे २००० व्होल्ट. आणि तरी एक वस्तू हातात चुकून लागली तर माणूस शिवी हासडून हात झटकतो आणि दुसरी लागली तर बहुतेक वेळा परत उठत नाही.

फरक मागे काय उभं आहे त्यात आहे. बॅटमध्ये दोन पेन्सिल सेल असतात, त्यांतून सगळं निघतं, मधलं सर्किट फार कार्यक्षम नसतं, म्हणजे बाहेर सलग निघणारी पॉवर धरून चाला की जास्तीत जास्त एक वॅट. एक वॅट भागिले २००० व्होल्ट, अर्धा मिलिअँप. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या प्लगवर चालतो आणि हजार वॅटच्या घरात पॉवर आरामात देतो, म्हणजे २००० व्होल्टला अर्धा अँपिअर. हजारपट. माणसाच्या शरीरातून साधारण १० मिलिअँप एसी गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही, ३० मिलिअँपच्या पुढे थोडा वेळ गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. बॅट तिथपर्यंत सलग पोचूच शकत नाही. ट्रान्सफॉर्मरला मात्र तिथे थांबायचं काही कारणच नाही.

यावर त्याचं पुढचं वाक्य ठरलेलंच होतं, "पण घरात आरसीसीबी आहे की, लिकेज झालं की पडेल." हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की आता चिडायचंही सोडून दिलंय. आरसीसीबी बघतो काय, तर फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत, म्हणजे प्लगकडच्या वेटोळ्यात, तो कायम तेवढाच परत येतो, कारण हाय व्होल्टेज देणारं सेकंडरीचं वेटोळं वेगळं आहे, तिथे जे काय घडतं ते त्याच्या दृष्टीने नुसता लोड. सेकंडरीला माणूस चिकटलेला असला तरी तो ब्रेकर निवांत वर बसलेला असतो. फ्यूजही उडत नाही, कारण मायक्रोवेव्ह एरवीही तेवढा करंट ओढतोच. त्यात भर म्हणजे या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं एक टोक बहुधा थेट लोखंडी गाभ्यालाच जोडलेलं असतं, म्हणजे निम्मा धोका तुम्ही बॉडीला हात लावला तिथेच पत्करलेला असतो.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी जळकी नक्षी काढायचा जो प्रकार आहे, लिश्टेनबर्ग बर्निंग, त्यात हाच ट्रान्सफॉर्मर वापरतात. लिश्टेनबर्ग हा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ, त्याला १७७७ मध्ये ग्योटिंगेनला राळेच्या चकतीवर उडालेल्या धुळीत ह्या आकृत्या दिसल्या होत्या, बिचाऱ्याने लाकूडबिकूड काही जाळलं नव्हतं. पण आज त्याच्या नावाच्या या छंदात ३० पेक्षा जास्त माणसं मेल्याची नोंद अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संस्थेने केलीय आणि स्वतःच्या कार्यक्रमांत त्यावर सरळ बंदी घातलीय. लाकूड कोरणारी मंडळी ही, करवती आणि लेथवर काम करणारी, उगाच घाबरणारी नव्हेत. त्यांनी एखाद्या गोष्टीला हात लावायचा नाही म्हटलं तर त्याला वजन आहे.

तर मायक्रोवेव्ह उघडायचाच नाही असं ठरलं. नुसता प्लग काढून ठेवला तरी आतला कपॅसिटर साधारण एक मायक्रोफॅरडचा असतो आणि पावणेतीन-तीन हजार व्होल्टपर्यंत चार्ज होतो, म्हणजे अर्धा गुणिले सी (कपॅसिटी) गुणिले व्ही (व्होल्टेज) वर्ग केलं की चार ज्यूल. आत डिस्चार्जसाठी १० मेगाओहमचा रेझिस्टर असतो खरा, तो नीट असेल तर मिनिटभरात काम होतं, पण तो तुटलाय का हे बाहेरून कळत नाही.

बाकीच्या वस्तूंचा निकाल पटापट लागला. टीव्हीचा फ्लायबॅक, म्हणजे पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, रंगीत ट्यूबसाठी २०-३० हजार व्होल्ट देतो, आम्हाला एवढे नको होते, आणि ती काचेची ट्यूब स्वतःच कपॅसिटर असल्याने बंद केल्यावरही बराच वेळ चार्ज धरून बसते. बॅकलाइटचं इन्व्हर्टर एसी देतं, तेही दहा-वीस हजार हर्ट्झच्या वरचं, फ्लॉकिंगला डीसी लागतं. कॅमेऱ्याला लोक खेळणं समजतात. त्याचा फ्लॅशचा कपॅसिटर ३३० व्होल्टचा, म्हणजे आमच्या कामाला व्होल्टेज फारच कमी, पण १२० मायक्रोफॅरड धरला तर त्यात साडेसहा ज्यूल असतात, मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरपेक्षाही जास्त. छोटा डबा, त्यावर दोन शिंगांसारखे पाय, आणि नेमका तोच बोटाला लागतो.

उरली बॅट.

बॅट उघडली की आत फार काही नसतं. एक ट्रान्झिस्टर, एक-दोन रेझिस्टर, नखाएवढा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर ज्याला तीन वाइंडिंग असतात, आणि पुढे तीन डायोड, तीन कपॅसिटरची शिडी. ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून ऑसिलेटर होतो, तिसरं वाइंडिंग ट्रान्झिस्टरला परत सिग्नल देतं म्हणून तो आपोआप चालू-बंद होत राहतो, सेकंदाला हजारो वेळा, तो बारीक किंऽऽ आवाज येतो ना तो बहुतेक त्याचाच. सेकंडरीतून जे काही शेकडो व्होल्ट एसी निघतं ते शिडीत चढवून डीसीचे दोन हजार होतात. ही शिडी म्हणजे तीच, जी ग्राइनाखर या स्विस भौतिकशास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास सुचवली आणि कॉक्रॉफ्ट-वॉल्टन जोडीने केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काही लाख व्होल्टपर्यंत नेली आणि १९३२ मध्ये तिच्यावर प्रोटॉन पळवून लिथियमचा अणुगर्भ फोडला. १९५१ चं नोबेल मिळालं दोघांना. डास मारताना कुणाला हे आठवत नाही, पण सर्किट खानदानी आहे.

या बॅटमध्ये जाळीला समांतर आणखी एक कपॅसिटर होता, २२३ लिहिलेला, म्हणजे २२ नॅनोफॅरड. डास अडकला की जो चटका आणि फट् आवाज येतो तो याच्यामुळे. दोन हजार व्होल्टला यात ४४ मिलिज्यूल साठतात, कॅमेऱ्याच्या मानाने दीडशेवा हिस्सा. जीवघेणं नाही पण सणसणीत लागतं, आणि खरा धोका झटक्याने हात मागे जाऊन कुठेतरी आपटायचा असतो. पेसमेकर असलेल्या माणसाने तर या असल्या गोष्टीच्या जवळही बसू नये.

आता मित्राचं म्हणणं होतं की जाळी कापून टाकू, दोन वायरी बाहेर काढू, एक गाळणीला एक खिळ्याला, झालं. बहुतेक लोक एवढंच करतात आणि ते चालतंही. पण मग गाळणी म्हणजे ४४ मिलिज्यूलचं उघडं टोक होतं, आणि मॉडेल करताना माणसाचे दोन्ही हात त्याच पंचवीस सेंटीमीटरच्या परिसरात असतात, एका हातात गाळणी, दुसऱ्या हाताने खिळा हलवायचा. दर पाच मिनिटांनी चटका बसणार हे नक्की.

इथे या कामाची एक गंमत उपयोगी पडते. फ्लॉकिंगला व्होल्टेज लागतं, करंट लागत नाही. एकेक तंतू किती चार्ज घेऊन जातो, नगण्य. म्हणजे सर्किट आणि गाळणी यांच्यामधे कितीही मोठा रेझिस्टर घातला तरी गवताला काही फरक पडत नाही, पण माणसाला प्रचंड पडतो. १० मेगाओहम घातला तर ३००० व्होल्टलाही जास्तीत जास्त ०.३ मिलिअँप जाणार, एवढा डीसी बहुतेकांना जाणवतही नाही, आणि मुख्य म्हणजे तो २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर एका दमात रिकामा होऊच शकत नाही, ठिबकत रिकामा होतो. गाळणीची स्वतःची कपॅसिटी काही पिकोफॅरड, त्यामुळे बोट लागलंच तर दाराच्या कडीला कोरड्या हवेत बसतो त्याच्याहूनही हलका चटका.

फक्त तो १० मेगाओहमचा एकच रेझिस्टर लावायचा नाही. ही गोष्ट फार लोक विसरतात. रेझिस्टरला वॅटेज असतं तसं व्होल्टेजचंही रेटिंग असतं, पाव वॅटवाल्याला साधारण २५० व्होल्ट, अर्ध्या वॅटवाल्याला ३५०. त्याच्यावर तीन हजार घातले तर कधीतरी ठिणगी त्याच्या अंगावरूनच उडी मारते आणि मग रेझिस्टर असून नसल्यासारखा. म्हणून अर्ध्या वॅटचे १ मेगाओहमचे दहा, एकापुढे एक ओळीने, आणि ती ओळ वाकवून घडी करायची नाही, सरळ ठेवायची, नाहीतर पहिला आणि दहावा शेजारी येतात आणि सगळ्या गणितावर पाणी. आम्ही ती एका प्लास्टिकच्या नळीत घातली आणि गाळणीच्या अगदी जवळ नाही तर सर्किटला लागून ठेवली, म्हणजे पुढची सगळी वायर सुरक्षित बाजूला येते. खिळ्याच्या वायरीतही तशीच दुसरी ओळ.

दुसरा भाग म्हणजे बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा व्हायला ब्लीडर, म्हणजे त्याला समांतर लावलेला रेझिस्टर. मित्राने उत्साहाने तिथेही १० मेगाओहमची ओळ लावली आणि व्होल्टेज धाडकन पडलं. पडणारच, कारण त्यातून सलग ०.२-०.३ मिलिअँप वाहतो आणि बॅटची ताकद सगळी मिळून तेवढीच. मालिकेतला रेझिस्टर फुकट असतो, समांतर लावलेला फुकट नसतो. तिथे १० मेगाओहमचे दहा लावून १०० मेगाओहम केले, मग करंट २० मायक्रोअँपच्या आसपास, आणि २२ नॅनोफॅरड गुणिले १०० मेगाओहम म्हणजे २.२ सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट, दहा-बारा सेकंदांत सगळं शांत.

याच ब्लीडरने मोजमापाचाही प्रश्न सोडवला. साधा मल्टिमीटर ६०० किंवा १००० व्होल्टपर्यंतचा, तो थेट लावायचा नाही, शिवाय त्याचा स्वतःचा इनपुट १० मेगाओहमचा, म्हणजे लावला की पुन्हा व्होल्टेज बसलं. म्हणून १०० मेगाओहमच्या साखळीच्या अगदी तळाला एक १०० किलोओहम जोडला आणि मीटर फक्त त्याच्यावर. हजाराला एक असं प्रमाण होतं, मीटरवर २ व्होल्ट दिसले की वर २००० आहेत. मीटरच्या समांतर येण्याने एक टक्का फरक पडतो, रेझिस्टरच पाच टक्क्यांचे असतात, त्यामुळे त्याचं कुणी मनावर घेऊ नये. तळाचा रेझिस्टर समजा तुटला तरी मीटरवर वरच्या व्होल्टेजचा अकरावा हिस्सा येतो, दोनशेच्या आतबाहेर, मीटर वाचतो. नव्या सेलवर आम्हाला २.१ दिसले, जुन्या रिचार्जेबल सेलवर १.७.

बटणावरून मात्र वाद झाला. बॅटला दाबून धरायचं बटण असतं, सोडलं की बंद. मित्राला तिथे टॉगल स्विच हवा होता, हात दुखतो म्हणे. मी ऐकलं नाही. हातातून यंत्र पडलं, कुणी हाक मारली, फोन वाजला, काहीही झालं की सप्लाय आपोआप तुटायला पाहिजे, आणि यासाठी त्या स्प्रिंगपेक्षा भरवशाचं काही नाही. हात दुखला तर दुखू दे, थोडं थांबून कर.

पहिली चाचणी पुठ्ठ्यावर. पांढरा पाण्यातला गोंद, मधे खिळा, २ मिलीमीटरचे तंतू, गाळणी दोन सेंटीमीटर वर धरून हलकेच झटकत. आणि उभे राहिले! खरंच बघण्यासारखं असतं ते, तंतू गाळणीच्या खाली क्षणभर ताठ होतात आणि गोळी सुटल्यासारखे खाली जातात, काही तर गोंदावरून परत उडून वर जाळीला चिकटतात आणि पुन्हा खाली. दोन हजार व्होल्ट आणि दोन सेंटीमीटर म्हणजे सेंटीमीटरला एक हजार व्होल्ट एवढं क्षेत्र. हवेत ठिणगी पडायला सेंटीमीटरला तीस हजार लागतात, म्हणजे आपण खूपच खाली आहोत.

मग खऱ्या टेकडीवर गाडं अडलं. टेकडी थर्माकोलची, वर कागदाचा लगदा आणि रंग. खिळ्याच्या आजूबाजूला चार बोटं झकास गवत आणि त्याच्या पुढे सगळं आडवं. मित्राचं निदान लगेच तयार, व्होल्टेज कमी पडतंय. पण मीटर तर २.१ च दाखवत होता. व्होल्टेजच कमी असतं तर सगळीकडेच आडवं पडलं असतं, एका बाजूला उभं आणि एका बाजूला आडवं असं झालं नसतं.

गोंद हातभर अंतरात सलग नव्हता, डागाडागांनी लावला होता. ओला गोंद करंट वाहतो, कोरडा वाहत नाही, थर्माकोल तर मुळीच नाही. ज्या डागात खिळा होता तो दुसऱ्या टोकाला जोडलेला होता, बाकीचे डाग अधांतरी. अशा अधांतरी डागावर पहिले काही तंतू येतात, आपला चार्ज तिथे सोडतात, त्या चार्जला जायला वाट नाही, मग तो डागच गाळणीसारखा चार्ज होऊन बसतो आणि नंतर येणाऱ्या तंतूंना ढकलायला लागतो. शिवाय मित्र सावकाश काम करणारा, आधी सगळीकडे गोंद लावून मग गवताला हात घालायचा, तोवर लांबचा गोंद वरून सुकत आलेला. उपाय दोनच, तळहाताएवढाच भाग एका वेळी घ्यायचा आणि प्रत्येक भागात खिळा नव्याने खोचायचा. पुढच्या टेकडीला त्याने लगद्याच्या खाली ॲल्युमिनियम फॉइल घातली आणि वायर तिलाच जोडली, लगदा किंचित ओलसर असेपर्यंत ती छान चालते.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं, पण ४ मिलीमीटरचे तंतू जेमतेम उभे राहत होते, वाकडेतिकडे. लांब तंतू जड, त्याला क्षेत्र जास्त लागतं. म्हणून शिडीला आणखी पायऱ्या जोडल्या. बॅटमध्ये १एन४००७ डायोड असतात, ते मुळात ५० हर्ट्झच्या कामाचे, बंद व्हायला वेळ लावतात, एवढ्या फ्रिक्वेन्सीला निम्मं कमावलेलं परत सोडतात. नव्या पायऱ्यांना यूएफ४००७ घेतले, व्होल्टेज रेटिंग तेच पण बंद व्हायला ७५ नॅनोसेकंद, आणि जुनेही तेच बदलून टाकले. नुसत्या बदलण्यानेच मीटर थोडा वर सरकला. सगळं मिळून ४००० च्या जवळ गेलो. अर्थात व्होल्टेज वाढलं की साखळ्या पुन्हा मोजायच्या, दहाच्या जागी पंधरा-पंधरा रेझिस्टर, तळाला १०० च्या जागी १५० किलोओहम. आणि शिडी कितीही वाढवता येते असं नाही, पायऱ्या वाढल्या की लोडखाली पडणारं व्होल्टेज पायऱ्यांच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढतं. आमचा लोड नगण्य म्हणून निभावलं.

चार हजाराला नवीन तक्रारी आल्या. अंधारात सुसकारा ऐकू यायला लागला आणि तो तिखट वास, ओझोनचा. सोल्डरच्या टोकदार शेपट्या हवेत चार्ज सोडत होत्या. त्या वितळवून गोल केल्या, बोर्डावर राहिलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढला, पूर्ण सुकू दिलं, बोर्डावरच्या तांब्याच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर जिथे कमी वाटलं तिथे बोर्डालाच करवतीने फट पाडली आणि वरून मेणाचा थर दिला. गाळणीकडे जाणारी साधी वायर ३०० व्होल्ट इन्सुलेशनची, ती चार हजाराला भरवशाची नाही, तिच्याऐवजी टीव्हीच्या अँटेनाची कोॲक्सिअल केबल घेतली, बाहेरचं आवरण आणि जाळी सोलून टाकली, आतल्या तारेवरचं पॉलिथिलीन कित्येक हजार व्होल्ट सहज पेलतं. भंगारातून खरोखर हाताला लागलेली चीज म्हणाल तर ही.

दमट दिवशी तंतूंचे गोळे होतात आणि मीटरही खाली येतो, हे बघून त्याने तंतूंचा डबा घट्ट झाकणाचा केला. पार कोरड्या हवेतही तंतू नीट चार्ज घेत नाहीत, कारण कारखान्यातून येताना त्यांच्यावर जो थर दिलेला असतो तो थोडी ओल धरूनच काम करतो.

हेअरस्प्रेचं मात्र मला आधी लक्षातच आणून द्यावं लागलं. मॉडेलवाले गवताचा दुसरा थर द्यायचा असला की पहिल्यावर हेअरस्प्रे मारतात आणि तो ओला असतानाच वरून तंतू टाकतात, मित्राचीही तीच सवय. त्या डब्यात अल्कोहोल आणि पेट लवकर घेणारा गॅस. अशा वाफेला पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपासची ठिणगी पुरते. आपल्या कपॅसिटरमध्ये त्याच्या शेकडोपट आहे, आणि १५ मेगाओहमच्या पलीकडची एकटी गाळणी धरली तरी चार हजार व्होल्टला तिची छोटी ठिणगी या आकड्याच्या फार खाली नाही. म्हणजे माणसासाठी सुरक्षित केलेलं यंत्र वाफेसाठी सुरक्षित नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आता दुसऱ्या थरालाही पातळ केलेला पांढरा गोंदच, ब्रशने ठिपके देऊन. सॉल्व्हंटवाले चिकट स्प्रे तर त्या टेबलावरच येत नाहीत.

सध्या ४ मिलीमीटरचं गवत ताठ उभं राहतंय, ६ वालं गाळणी अगदी दीड सेंटीमीटरवर आणली तर. त्याला आता हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातलं आयनायझरचं मॉड्यूल हवंय, सहा-सात हजार व्होल्टवालं. मी हो म्हटलंय, पण १२ व्होल्ट डीसीवर चालणारंच आणि तेही बॅटरीवर. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या काही मॉड्यूलमध्ये आउटपुटची परतीची वायर थेट मेन्सशी जोडलेली असते, आणि ती वायर आपण ओल्या गोंदात खोचणार, शेजारी आपलाच हात. ते आणलं तर रेझिस्टरच्या साखळ्या पंधराच्या पंचवीस कराव्या लागतील, त्यासाठी नळी लांब हवी आणि ती बॅटच्या दांड्यात बसणार नाही, म्हणून तो आता पीव्हीसी पाइपचा तुकडा शोधतोय.